जवळ बसणे

मराठी प्रॉटेस्टंट माणूस रविवारी सकाळी घरातून निघतो तेव्हा 'उपासनेला चाललो' असे सांगून निघतो. वसईचा कॅथलिक 'मिस्साला' म्हणेल, पण उपासना हा शब्द त्यालाही परका नाही. ख्रिस्ती लोकांनी हा शब्द घडवलेला नाही. इथल्या भाषेत तो आधीपासून होता, त्यांना तो आयता मिळाला आणि फार नेमका मिळाला. उप म्हणजे जवळ आणि आस् म्हणजे बसणे, म्हणून उपासना म्हणजे जवळ बसणे. जवळ बसायला कुणीतरी आधी तिथे असावे लागते. बसणाऱ्याला त्या दिवशी काय वाटले, याचा मात्र या शब्दात कुठे उल्लेख नाही. तरीही उपासना आटोपून मंडळी आवारात घोळक्याने उभी राहते तेव्हा बोलणे निघते ते वाटण्याचेच. आज प्रभूची उपस्थिती फार जाणवली, आज गीते चांगली झाली, आज मात्र मन लागले नाही. या बोलण्यात वावगे काही नाही. पण त्याच्या आडून एक समजूत घरात शिरते आणि तिथेच मुक्काम ठोकते, की देव जाणवला तर तो होता आणि जाणवला नाही तर नव्हता. ही समजूत ख्रिस्ती उपासनेच्या स्वतःच्या साक्षीशी जुळत नाही, असे माझे म्हणणे आहे. उपासनेतले देवाचे सान्निध्य वचनाने दिलेले असते. भावना हा त्याला मिळणारा प्रतिसाद आहे, आणि तो कधी मिळतो, कधी मिळत नाही. त्या सान्निध्याची प्रचिती बहुधा मागाहून येते आणि पुष्कळदा शेजारच्या माणसाच्या निमित्ताने येते. भावना आणि प्रचिती हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत, ते आपणही वेगळे ठेवावेत.

पवित्र शास्त्रात देवाच्या उपस्थितीचे दिपवून टाकणारे प्रसंग आहेत, हे आधीच मान्य करायला हवे. शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधले, कराराचा कोश आत नेऊन ठेवला, आणि मंदिर ढगाने असे भरले की याजकांना सेवेला उभे राहता येईना. यशया संदेष्ट्याला उंच सिंहासन दिसले, उंबरठे हादरले, मंदिर धुराने भरून गेले. पण या प्रसंगांपाशी जरा थांबून वाचले की त्यांतले दुसरे अंग पुढे येते. ज्याला आकाशही पुरे पडत नाही तो या घरात कसा मावेल, असा प्रश्न शलमोन त्याच समर्पणाच्या प्रार्थनेत विचारतो. ढग नुकताच डोळ्यांनी पाहिलेला असूनही देव आता आपल्या ताब्यात आला, असे त्याला वाटत नाही. यशयाच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघत नाही. आपले ओठ अशुद्ध आहेत आणि आपण अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो, एवढेच त्याला त्या प्रकाशात दिसते, आणि पुढच्याच क्षणी त्या लोकांकडे जाण्याची कामगिरी त्याच्या गळ्यात पडते. एलीया होरेब डोंगरावर उभा असतो तेव्हा आधी खडक फोडणारा वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी. त्या तिन्हींत परमेश्वर नव्हता, हे शास्त्र एकदाच सांगून सोडत नाही, तिन्ही वेळा सांगते. शेवटी येतो तो अगदी हलका आवाज, आणि तो आवाज त्याला विचारतो, तू इथे काय करतोस. ज्या ग्रंथाने अग्नी आणि भूकंप पाहिले आहेत, त्यानेच अग्नी आणि भूकंपावरून देव ओळखू नये असा इशारा देऊन ठेवला आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो लूकच्या शुभवर्तमानातला अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग. ख्रिस्ती उपासनेचा सगळा आराखडा त्यात आहे. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतरच्या रविवारी दोन शिष्य यरुशलेम सोडून चालले आहेत. वाटेत तिसरा कुणी सोबतीला येतो, मोशेपासून संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगतो, आणि तरी ते त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळ होते. तो पुढे निघाल्यासारखे करतो, तेव्हा हे दोघे त्याला आग्रहाने ठेवून घेतात. तो जेवायला बसतो, भाकर घेतो, आशीर्वाद मागून मोडतो आणि त्यांच्या हातावर ठेवतो. तेव्हा त्यांचे डोळे उघडतात, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. मग ते एकमेकांना म्हणतात की वाटेत तो बोलत होता तेव्हाच आपले अंतःकरण पेटले होते. पेटले होते, पण त्या वेळी ते त्यांना उमगले नव्हते. भावना होती आणि ओळख नव्हती, आणि ओळख पटली तेव्हा ज्याची पटली तो डोळ्यांसमोर उरला नाही. सान्निध्य धरून ठेवता येत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? आणखी एक गोष्ट वाचताना सहज निसटते. त्या अनोळखी वाटसरूला त्यांनी थांबवून घेतले नसते तर ती पंगत बसलीच नसती आणि भाकर मोडली गेली नसती. मंडळीने ही गोष्ट पुढे प्रत्येक रविवारी केली. शास्त्र उलगडायचे, भाकर मोडायची आणि उठून चालू लागायचे. ते दोघेही त्याच घटकेला उठले आणि ज्या गावातून निराश होऊन निघाले होते त्या यरुशलेमेकडे, रात्रीच्या वेळी, बाकीच्यांना गाठायला परत गेले.

शास्त्राबाहेरचा पुरावाही याच दिशेने जातो. बिथुनिया प्रांताचा रोमी अधिकारी प्लिनी याने सुमारे ११२ साली सम्राट त्राजानला एक पत्र लिहिले. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे काय करावे, असा त्याचा प्रश्न होता. चौकशीत त्याला जे कळले ते असे: हे लोक एका ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन आळीपाळीने म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कट करण्याची असेल असा त्याला संशय होता. प्रत्यक्षात ती चोरी, लूट आणि व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची आणि विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू मागितल्यावर न नाकारण्याची निघाली. अधिक माहितीसाठी त्याने मंडळीत सेविका असलेल्या दोन दासींचा छळ केला, हेही तो त्याच पत्रात सहज लिहून जातो. पुढे सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिन याने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली आणि रविवारच्या सभेचे वर्णन केले. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचतात, सभेचा अध्यक्ष उपदेश करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो, उपकारस्तुती होते, लोक आमेन म्हणतात, आणि ते अन्न सर्वांना वाटले जाते. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोहोचवतात. ज्याला ऐपत आणि इच्छा आहे तो काही देतो, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले यांच्यासाठी ठेवले जाते. उपासनेच्या शास्त्राबाहेरच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी ही दोन आहेत, आणि कुणाला काय वाटले याबद्दल त्यांत एक शब्दही नाही. एक वर्णन शत्रूचे आहे आणि एक बचावाचे, म्हणून भावना गाळल्या असतील, असे कुणी म्हणेल. असेलही. तरी, तुम्ही जमून नेमके काय करता, असे विचारल्यावर ज्या समाजाला शपथ आणि वाटा आठवतो, त्याने सान्निध्य कुठे शोधले असेल याचा अंदाज बांधता येतो.

पुढच्या शतकांत सान्निध्याच्या जागेवरून ख्रिस्ती लोक कडाडून भांडले. १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्ग इथे धर्मसुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले तेव्हा, हे माझे शरीर आहे, हे ख्रिस्ताचे शब्द ल्यूथरने टेबलावर खडूने लिहून ठेवले आणि त्यांपासून तो हलला नाही. झ्विंग्लीला त्या 'आहे'चा अर्थ 'सुचवते' असा वाटत होता. १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक बाजू पक्की केली, की भाकर आणि द्राक्षारसाचे मूळ तत्त्वच बदलते. कॅल्व्हिन मधला मार्ग काढू पाहत होता, आणि हे रहस्य आपल्याला कळण्यापेक्षा अनुभवाला अधिक येते, अशी प्रांजळ कबुली त्याने दिली. या वादाने मंडळ्या कायमच्या दुभंगल्या. पण भांडणारे सगळे एका गोष्टीवर एकमताचे होते, की सान्निध्य घेणाऱ्याच्या मनःस्थितीतून निर्माण होत नाही. ते वचनात आहे, चिन्हात आहे, आत्म्याच्या कृतीत आहे, जमलेल्या मंडळीत आहे, अशी उत्तरे वेगवेगळी आली. मला आज बरे वाटले म्हणून ख्रिस्त आला, असे त्यांच्यापैकी कुणीच म्हटले नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला. त्यात ख्रिस्ताच्या उपस्थितीची ठिकाणे सांगितली आहेत: मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू, विशेषेकरून भाकर आणि द्राक्षारस, इतर संस्कार, वाचले जाणारे वचन, आणि प्रार्थना करणारी, गाणारी मंडळी. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे, या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वचनाचा तिथे आधार घेतला आहे. त्या वचनात जमण्याची अट आहे, जाणवण्याची नाही.

मग भावनेला उपासनेत काही स्थान नाही का, असा रास्त प्रश्न येतो. स्थान आहे आणि मोठे आहे. ज्याला ते नको असते त्याने बहुधा आपल्या वर्गाचा शिष्टाचारच देवाचा नियम मानलेला असतो. पुणे जिल्ह्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये जे घडले, ते या संदर्भात आठवावे. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुली आणि तरुण विधवा तिथे राहत होत्या. प्रार्थना चालू असताना त्या रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या, सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. अंग पेटल्यासारखे झाल्याचे कित्येकींनी सांगितले, आणि एका मुलीवर ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असेही तिथल्या वृत्तांतात आहे. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट पसंत पडला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली, आणि मला वाटते ते योग्यच केले. ज्या मुलीला आजवर तुला काय हवे असे कुणी विचारले नव्हते, जिचे रडणे घरात अपशकुन मानले जात होते, तिला देवापुढे मोठ्याने रडण्याची मुभा मिळाली, याला नुसता भावनांचा उद्रेक म्हणून मोडीत काढणे क्रूरपणाचे आहे. पण रमाबाईंनी दुसरी एक गोष्टही सांभाळली. अग्नी हीच कसोटी, किंवा अन्य भाषांत बोलणे हीच आत्म्याची एकमेव खूण, असा आग्रह मुक्तीत धरला गेला नाही. त्या मुली पुढेही दळत, विणत, आजाऱ्यांची शुश्रूषा करत, अंध मुलींना शिकवत राहिल्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अवघ्या बायबलचे भाषांतर करत राहिल्या, आणि १९२२ मध्ये त्या वारल्यावर, १९२४ मध्ये, ते मुक्तीच्याच छापखान्यातून पूर्ण छापून बाहेर आले. जूनमधल्या त्या प्रार्थनेची प्रचिती पाहायची असेल तर मी त्या छापखान्यात जुळारीचे काम करणाऱ्या मुलींकडे बोट दाखवीन.

संत ऑगस्टीनला हीच अडचण दुसऱ्या टोकाकडून जाणवली होती. स्तोत्रांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या सुरांनीच आपण अधिक हेलावतो की काय, या शंकेने तो आपल्या आत्मनिवेदनात अस्वस्थ होतो. गाणे बंदच करावे असे त्याला क्षणभर वाटते, आणि मग आपल्या धर्मांतराच्या दिवसांत याच गाण्याने आपल्याला रडवले होते हे आठवून तो ते राहू देतो. त्याने प्रश्न निकाली काढला नाही, उघडा ठेवला, आणि मला ते आवडते. झ्विंग्लीने तो निकाली काढला. स्वतः अनेक वाद्ये वाजवणाऱ्या या माणसाच्या झ्युरिकमध्ये चर्चमधले ऑर्गन गप्प झाले. आपल्याकडे सुदैवाने तसे झाले नाही. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात रायतूरला ख्रिस्तपुराण छापले ते ओव्यांत, कारण नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकण्याची सवय होती आणि त्यांच्या कानाला ओळखीचे काही हवे होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे अभंग, भजन, कीर्तन यांना मराठी मंडळीच्या उपासनेत मानाची जागा मिळाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. याचे महत्त्व गोडव्यापुरते नाही. परभाषेतून उतरवलेल्या, परक्या चालीत कोंबलेल्या गीताने माणूस देवापुढे उभा राहतो तेव्हा त्याचे निम्मे मन घरीच राहते. टाळ हातात आला आणि आजीच्या ओवीसारखा शब्द कानावर पडला की तो सगळाच्या सगळा हजर होतो. देव हजर असतोच, या भरवशावर उपासना चालते. संगीताने जे साधायचे ते आपली हजेरी. जवळ बसायचे तर बसणारा पुरता तिथे असायला हवा.

आता आक्षेप. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम याने १९१२ साली मांडले की माणसे एकत्र जमून एका लयीत गाऊ-नाचू लागली की त्यांच्यात एक उसळी येते, प्रत्येकाला आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला उचलते आहे असे वाटते, आणि त्या शक्तीला ते देव म्हणतात. प्रत्यक्षात ती समाजाचीच शक्ती असते. अलीकडे, २०१२ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी अमेरिकेतल्या व्हिनयार्ड मंडळ्यांचा अभ्यास करून दाखवले की देवाचा आवाज ऐकू येणे हे सरावाने अंगी येणारे कौशल्य आहे, आणि काहींना ते इतरांपेक्षा लवकर साधते. ख्रिस्ती माणसाने या अभ्यासांना भिण्याचे कारण नाही. उलट, सान्निध्य म्हणजे भावना असे मानणाऱ्याचीच त्यांनी पंचाईत केली आहे. ढोलकी, दिवे, गर्दी आणि तीच ओळ वीस वेळा गाणे यांनी जी अवस्था निर्माण करता येते, ती क्रिकेटच्या मैदानावर आणि राजकीय सभेतही निर्माण होते, मग तिला देवाच्या उपस्थितीचा पुरावा कसे मानायचे? तरी या स्पष्टीकरणाने देव खोडला जातो, असेही नाही. भाकरीचे पीठ कुठल्या शेतातून आले हे सांगता येते, म्हणून ती भाकर कुणी दिली हा प्रश्न मिटत नाही. देव माणसांशी बोलणार तर माणसांच्या कानांतून, मेंदूतून, सवयींतून आणि जमावातूनच बोलणार. देहधारण केलेल्या देवावर विश्वास ठेवणाऱ्याला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. १७४६ साली न्यू इंग्लंडमधला पाळक जोनाथन एडवर्ड्स याने, आपल्याच प्रांतातल्या धार्मिक जागृतीचा भर ओसरल्यावर, हेच बारकाईने तपासले. भावना तीव्र आहेत, शरीर थरथरते आहे, शास्त्रवचने आपोआप आठवत आहेत, यावरून देवाचे काम आहे हेही सिद्ध होत नाही आणि नाही हेही सिद्ध होत नाही. त्याने सर्वांत भर दिला तो दीर्घकाळ टिकणाऱ्या आचरणावर.

खरा अवघड आक्षेप याच्या पुढचा आहे. भावना ही कसोटी नाही असे म्हटले, तर न जाणवणारी उपस्थिती आणि अनुपस्थिती यांत फरक काय उरला? देव जाणवला तर आहे आणि न जाणवला तरी आहे, असे म्हणणाऱ्याला कुणीच खोटे पाडू शकत नाही, आणि ज्याला खोटे पाडता येत नाही त्या बोलण्याला अर्थ तरी किती? या आक्षेपाला उत्तर देताना मी तत्त्वज्ञांकडे जाण्याआधी करिंथकडे जातो. सुमारे ५५ साली प्रेषित पौलाने तिथल्या मंडळीला पत्र लिहिले. त्या मंडळीत भावनेची टंचाई नव्हती. अन्य भाषा, भविष्यवाणी, सगळे उदंड होते. पण प्रभुभोजनाला जमल्यावर ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊनपिऊन घेत, एक भुकेला राहायचा आणि दुसरा झिंगलेला असायचा. पौल त्यांना सांगतो की तुम्ही जमून जे जेवता ते प्रभूचे भोजन नव्हेच. शब्द तेच, भाकर तीच, गाणीही तीच असतील, तरी तो ते प्रभूचे भोजन मानायला तयार नाही, कारण ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता. म्हणजे ख्रिस्ती परंपरेने आपल्या दाव्याला खोटे पाडण्याची अट पहिल्याच पिढीत स्वतःच लिहून ठेवली आहे. गाणे बेसूर झाले, मन भरकटले, डोळे कोरडे राहिले, यांपैकी कशानेच ती अट पुरी होत नाही. पंगतीत शेजारचा उपाशी राहिला की पुरी होते. तीच गोष्ट आमोस संदेष्ट्याने पौलाच्या सुमारे आठशे वर्षे आधी सांगितली होती. तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या वीणांचा नाद मला ऐकायचा नाही, न्याय वाहू द्या, असे त्याचा देव म्हणतो.

ही अट भारतीय मंडळीला फार जवळून लागू होते. तमिळनाडूत तिरुनेल्वेलीच्या बाजूला वडक्कनकुळम इथे एकोणिसाव्या शतकात जे चर्च बांधले गेले, त्यात एकाच वेदीकडे येणारी दोन वेगळी दालने होती, एक वरच्या म्हणवणाऱ्या जातीसाठी आणि दुसरे बाकीच्यांसाठी. वेदी एक, मिस्सा एक आणि मधे भिंत. त्या दोन्ही दालनांत बसलेल्या कित्येकांना तिथे देवाचे सान्निध्य मनापासून जाणवले असेल, त्यांच्या डोळ्यांत पाणीही आले असेल. ते अश्रू खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण करिंथच्या पत्रासमोर ती वास्तू उभी केली की, ते भोजन प्रभूचे होते का, हा प्रश्न टाळता येत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला भेद मोडण्यासाठी धर्मगुरूंना संघर्ष करावा लागला. महाराष्ट्रात चर्चमध्ये विटांच्या भिंती नसतील, पण सोयरिकी जुळवताना मूळ जात विचारायचे आपण पुरते सोडले आहे, असे म्हणवत नाही. वेदीपाशी एकाच पेल्याला ओठ लावणारे दोघे चर्चच्या फाटकाबाहेर एकमेकांना परके होत असतील, तर उपासनेत आम्हाला फार जाणवले, हे सांगण्यात अर्थ नाही. इथे न जाणवणारी उपस्थिती आणि अनुपस्थिती यांतला फरक दिसू लागतो, आणि तो आपल्या छातीतल्या ऊबेवर अवलंबून नसतो.

यावर लगेच कुणी म्हणेल की मग उपासनेची गरजच काय, उपाशी माणसाला जेवू घालावे आणि रविवार सत्कारणी लावावा. मंदिरातल्या ख्रिस्ताला रेशमाने सजवू नका आणि बाहेर तो उघडा कुडकुडत असेल तर त्याला विसरू नका, असे प्राचीन मंडळीतला प्रवचनकार योहान ख्रिसोस्तम यानेही आपल्या प्रवचनात बजावले होते ना? बजावले होते, पण ते मिस्साला जमलेल्या लोकांना, वेदीसमोर. त्याचा सगळा युक्तिवाद वेदीवरचा ख्रिस्त आणि दारातला भिकारी हे एकच, यावर उभा आहे. वेदी काढून घेतली तर त्याला भिकाऱ्यात ख्रिस्त दाखवताच आला नसता. गरिबाला मदत करणारा माणूस देणारा असतो, आणि देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. उपासनेत तोच माणूस रिकामा तळहात पुढे करतो, आणि त्याच्या शेजारी तो गरीबही तसाच तळहात पुढे करून उभा असतो. त्याने निवडलेले नाही असे वचन त्याला ऐकावे लागते, त्याला नको असलेली पापकबुली सगळ्यांबरोबर म्हणावी लागते, ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याला शांती असो म्हणून हात द्यावा लागतो. २०२० मध्ये चर्च बंद झाली आणि उपासना फोनच्या पडद्यावर आली. वचन तिथून पोहोचत होते, गीते पोहोचत होती, आणि आजारी, म्हाताऱ्या, परदेशी गेलेल्या माणसांना त्याचा मोठा आधार झाला, तो कमी लेखू नये. पण नको असलेला शेजारी बोटाच्या एका स्पर्शाने नाहीसा करता येत होता. चर्चच्या बाकावर तो नाहीसा होत नाही.

राहता राहिली ती माणसे, ज्यांना काहीच जाणवत नाही. सान्निध्य आणि भावना एकच मानण्याचा सर्वांत मोठा अन्याय यांच्यावर होतो. दर रविवारी येणारी, गीते म्हणणारी, आणि आत पूर्ण कोरडी असलेली बाई शेजारणीचे ओले डोळे पाहून ठरवते की आपल्यातच काही खोट आहे, देवाने आपल्याला टाकले. तिला कुणीतरी सांगायला हवे की तिच्यासारख्यांसाठी उपासनेत जागा राखलेली आहे. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र सुरुवातीपासून तक्रार करते आणि अंधारावरच संपते. शेवटी उजेडाची एक तिरीपही नाही. तरी ते शास्त्रातून कुणी काढले नाही. कॅथलिक परंपरेत शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हटले जाते, म्हणजे ज्याला त्या दिवशी देव जवळ वाटतो त्यालाही ते म्हणावे लागते, न वाटणाऱ्यांच्या वतीने. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कोलकात्यातल्या कामाच्या जवळजवळ सगळ्या वर्षांत त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता. काहींनी याला ढोंग म्हटले. रोज पहाटे मिस्साला बसणारी, हाती काही न लागता पुन्हा दुसऱ्या दिवशी बसणारी आणि तिथून उठून मरणाऱ्यांकडे जाणारी बाई ढोंगी असेल, तर जवळ बसणे या शब्दाचा अर्थच मला कळलेला नाही. खाटेवर निपचित पडलेल्या आईजवळ मुलगी रात्रभर बसते तेव्हा आई बोलत नाही, ओळखही देत नाही. म्हणून मुलगी जवळ नव्हती, किंवा आई नव्हती, असे कोण म्हणेल?

जस्टिनने आपल्या वर्णनात जे येऊ शकले नाहीत त्यांच्या वाट्याचा उल्लेख केला आहे, तिथे मी पुन्हा येतो, कारण तो वाटा अजूनही पोहोचवला जातो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जातात. प्रॉटेस्टंट पाळक प्रभुभोजनाचे लहान पेले पिशवीत घालून अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातात. तिथे ऑर्गन नसतो, टाळ नसतात, गर्दी नसते. टेबलावर औषधाच्या बाटल्या बाजूला सारून एक पांढरे फडके अंथरले जाते. आजारी माणसाला कदाचित ऐकू येत नाही, कदाचित तो अर्धवट झोपेत असतो. भाकरीचा अगदी लहान तुकडा जिभेवर ठेवला जातो, वर चमचाभर पाणी दिले जाते. आमेन म्हणायचे कुणाला सुचले नाही तर पाळक स्वतःच म्हणतो, थोडा वेळ खाटेशेजारी बसतो, आणि मग पुढच्या घरी जायला उठतो.